महापालिकेची नभोवाणी आणि शहर-वार्ताहर : न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी केंद्राच्या इतिहासातील काही प्रकरणे

प्रस्तावना

मराठीतून नभोवाणीविषयी जे लेखन झाले आहे, त्यात कलावंतांच्या आठवणी, श्रुतिका, भावगीते आणि केंद्रांच्या स्थापनेच्या हकिकती यांना मोठे स्थान मिळाले. ते योग्यही आहे. परंतु सकाळी रुग्णालयात, दुपारी महापालिकेच्या सभागृहात आणि सायंकाळी एखाद्या मैफलीत हजेरी लावून, जे पाहिले-ऐकले ते चार-पाच मिनिटांत श्रोत्यांपुढे ठेवणारा नभोवाणीचा वार्ताहर हा इतिहासलेखनाचा विषय क्वचितच झाला. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. वर्तमानपत्राचा जुना अंक ग्रंथालयात सापडतो. बोललेली बातमी बोलता बोलता विरून जाते. जेथे ध्वनिमुद्रण झाले तेथेही फिती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक केंद्रांत होती.

प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहरातील डब्ल्यूएनवायसी या केंद्राचा विचार केला आहे. १९२४ पासून १९९७ च्या आरंभापर्यंत हे केंद्र खुद्द न्यूयॉर्क महापालिकेच्या मालकीचे होते. आरोग्य, संस्कृती आणि नागरी जीवन या तिन्ही विषयांचे वार्तांकन तेथे प्रारंभापासून एकाच छताखाली चालले आणि त्यातील बरेच ध्वनिमुद्रण शहराच्या दप्तरखान्यात जपले गेले. अभ्यासकाच्या दृष्टीने ही सोय मोठीच आहे. मात्र निवडीचे खरे कारण वेगळे आहे. ज्या संस्थेचे वेतन घ्यावयाचे तिच्याच कारभाराची बातमी वार्ताहराने कशी द्यावयाची, हा प्रश्न या केंद्रापुढे जितक्या वेळा आणि जितक्या उघडपणे आला तितका तो इतरत्र क्वचितच आला असेल.

महापालिकेची नभोवाणी ही कल्पना भारतीय वाचकाला सर्वस्वी परकी वाटण्याचे कारण नाही. मद्रास येथे १९२४ मध्ये हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केले. पैशाअभावी ते बंद पडल्यावर १९३० मध्ये मद्रास महापालिकेने स्वतःची सेवा चालू केली आणि १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचे केंद्र तेथे येईपर्यंत ती चालवली. सायंकाळचे संगीत, शाळकरी मुलांसाठी पाठ आणि मरीना किनाऱ्यावर लावलेले ध्वनिक्षेपक असे तिचे स्वरूप होते. मुंबईत मात्र २३ जुलै १९२७ रोजी प्रक्षेपण सुरू केले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीने. ती १९३० मध्ये मोडीत निघाल्यावर हे काम सरकारकडे गेले. त्यामुळे पाणीपुरवठा, रुग्णालये आणि बाजार सांभाळणाऱ्या मुंबई महापालिकेकडे नभोवाणी कधी आलीच नाही.

पहिला खटला

८ जुलै १९२४ रोजी मॅनहटनमधील म्युनिसिपल बिल्डिंग या उंच सरकारी इमारतीतून डब्ल्यूएनवायसीचे प्रक्षेपण सुरू झाले. महापालिकेतील एक खातेप्रमुख ग्रोव्हर व्हेलन यांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. सुरुवातीच्या कार्यक्रमांत आरोग्य खात्याची व्याख्याने, हरवलेल्या व्यक्तींची पोलिसांनी दिलेली वर्णने, संगीत आणि समारंभांची भाषणे असा संमिश्र मजकूर असे.

तत्कालीन महापौर जॉन हायलन यांना या यंत्राची ताकद लवकर उमगली. वर्तमानपत्रे आपल्या विरोधात आहेत अशी त्यांची तक्रार होतीच. आता वर्तमानपत्रांना वळसा घालून थेट घराघरात बोलण्याची सोय झाली. १९२५ मध्ये एका करदात्या नागरिकाने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ‘फ्लेचर विरुद्ध हायलन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात न्यायालयाने महापालिकेने केंद्र चालवण्यास हरकत घेतली नाही. परंतु राजकीय प्रचारासाठी त्याचा वापर करण्यास मनाई केली. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत हायलन पराभूत झाले. केंद्र जेमतेम एक वर्षाचे असताना हा निवाडा झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नभोवाणीचा वार्ताहर हा स्वतंत्र पेशा म्हणून अद्याप आकाराला यावयाचा होता. त्याच्या आधीच त्याच्या स्वातंत्र्याचा वाद न्यायालयात जाऊन आला होता.

१९३४ मध्ये सत्तेवर आलेले महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी खर्च वाचवण्यासाठी हे केंद्र बंद करण्याचे ठरवले होते. खासगी नभोवाणी कंपन्यांतील जाणकारांच्या समितीचा सल्ला मिळाल्यावर त्यांनी मत बदलले आणि पुढे ते स्वतःच केंद्राचे सर्वांत प्रसिद्ध वक्ते झाले. १९४२ ते १९४५ या काळात दर रविवारी ते शहराशी बोलत. युद्धकाळातील टंचाई, कोणती भाजी स्वस्त आहे, कोणता दुकानदार जादा दर लावतो, अशा विषयांवर महापौर बोलत असत. जुलै १९४५ मध्ये वृत्तपत्र वितरकांचा संप झाला तेव्हा मुलांची चित्रमालिका चुकू नये म्हणून त्यांनी ती हातवारे करीत ध्वनिक्षेपकासमोर वाचून दाखवली. हा प्रसंग अमेरिकेत वारंवार सांगितला जातो आणि तो गोड आहेच. पण शहराच्या बातमीचा एकमेव आवाज शहराच्या प्रमुखाचा असणे, हे त्या गोडव्यामागचे वास्तव होते. १९३८ मध्ये नव्या सनदेनुसार स्थापन झालेल्या नगरपरिषदेच्या सभाही केंद्राने काही काळ थेट ऐकवल्या. सभासदांची भांडणे श्रोत्यांना इतकी रंजक वाटू लागली की सभासदांनाच तो प्रकार अडचणीचा झाला.

देवीची साथ, १९४७

आरोग्य वार्तांकनाच्या दृष्टीने या केंद्राच्या काळातील सर्वांत मोलाचे प्रकरण १९४७ च्या वसंत ऋतूतील आहे. १ मार्च रोजी मेक्सिकोहून बसने आलेला एक व्यापारी न्यूयॉर्कमध्ये उतरला. अंगावर पुरळ आणि ताप घेऊन तो बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला, तेथून त्याला संसर्गजन्य रोगांच्या विलर्ड पार्कर रुग्णालयात हलवण्यात आले आणि १० मार्चला तो मरण पावला. हा देवीचा रुग्ण होता हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. शहरातील तरुण डॉक्टरांनी देवी पाहिलेलीच नव्हती. त्याच रुग्णालयांत संपर्क आलेल्या इतरांना लक्षणे दिसू लागल्यावर संशय बळावला आणि एप्रिलच्या आरंभी प्रयोगशाळेने निदान पक्के केले. ईस्टरचा सण दोन दिवसांवर होता आणि लाखो लोक रस्त्यावर येणार होते.

आरोग्य आयुक्त इस्रायल वाइनस्टीन यांच्यापुढे दोन मार्ग होते : संपर्कातील व्यक्ती शोधून गुपचूप काम उरकणे किंवा सगळ्या शहराला सांगणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. रोज वार्ताहरांना माहिती देणे, रेडिओवरून स्वतः बोलणे, लहानपणी टोचून घेतले असले तरी पुन्हा टोचून घ्या असे स्पष्ट शब्दांत सांगणे, हा त्यांचा क्रम होता. महापौर विल्यम ओड्वायर यांनी लोकांसमोर दंड पुढे केला. लस अपुरी पडू लागताच महापौरांनी औषध कंपन्यांना बोलावून घेतले. रुग्णालये, आरोग्य केंद्रे, शाळा, पोलीस ठाणी येथे विनामूल्य टोचणी सुरू झाली आणि इमारतींना वळसे घालणाऱ्या रांगा लागल्या. शहराला भेट देण्यापूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीही टोचून घेतले. एकूण १२ जणांना देवी झाल्या आणि त्यांतील दोघे दगावले. महिनाभरात ६३ लाखांहून अधिक लोकांना टोचल्याचे अधिकृतरीत्या सांगण्यात आले.

येथे मुंबईची तुलना अपरिहार्यपणे मनात येते. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णालय म्हणजे मरणाची जागा ही अफवा गिरणगावात इतकी पसरली की २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. परक्या सत्तेचा धाक, झडत्या, स्त्रियांची तपासणी आणि जातीचे विटाळविचार ही त्यामागील कारणे सर्वश्रुत आहेत. रेडिओ असता तर हे टळले असते, असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. न्यूयॉर्कचे लोक रांगेत उभे राहिले कारण बोलणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता; यंत्राने तो विश्वास फक्त वेगाने पोहोचवला. भारतात तर देवीचे निर्मूलन व्हायला १९७५ साल उजाडावे लागले.

तथापि या यशोगाथेत एक कोपरा अंधारा राहिला आहे. ६३ लाख हा आकडा आरोग्य खात्याने दिला, वार्ताहरांनी तो जसाच्या तसा पुढे दिला आणि पाठ्यपुस्तकांनीही तो तसाच उचलला. लसीचा प्रत्यक्ष पुरवठा आणि तेव्हाच्या नोंदी तपासून नंतरच्या अभ्यासकांनी तो फुगवलेला असावा, अशी शंका व्यक्त केली आहे. आकडा मोठा सांगितल्याने कोणाचे नुकसान झाले असे नाही. उलट रांगा वाढल्या असतील. साथीच्या दिवसांत वार्ताहराने अधिकृत आकड्याची शहानिशा करत बसावे की आधी लोकांना केंद्रावर पोहोचवावे? माझ्या मते त्या एप्रिलमध्ये दुसरे काम अधिक तातडीचे होते. परंतु मे महिन्यात, साथ ओसरल्यावरही, पहिले काम कोणी हाती घेतल्याचे दिसत नाही, आणि तेथे दोष देता येतो. पालिकेच्या रेडिओकडून तर ती अपेक्षा करणेही कठीण होते.

भारतातील खासगी एफएम केंद्रांचा विचार करता हा प्रश्न जुना ठरत नाही. २००१ मध्ये ही केंद्रे सुरू झाली तेव्हा त्यांना बातम्या देण्यास मनाई होती. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातमीपत्राचे सहप्रक्षेपण करण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल हा मजकूर बातमीत मोडत नाही असे ठरवले. आणि पाणी, वीज व आरोग्याच्या सूचना स्थानिक प्रशासनाने पुरवल्या त्या स्वरूपात देता येतील असे म्हटले. म्हणजे मुंबई-पुण्यातील केंद्राला डेंग्यूविषयी बोलता येईल, परंतु पालिकेने सांगितले तेवढेच. वाइनस्टीन यांच्यासारखा आयुक्त लाभला तर यात फारसे बिघडत नाही. नियमावली मात्र चांगला आयुक्त गृहीत धरून लिहिली जाऊ नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये मर्यादित वेळ बातम्यांना द्यावा अशी शिफारस केली.

पोस्टाचा एकोणिसावा विभाग

संस्कृतीच्या बाबतीत केंद्राची कामगिरी अधिक निर्वेध होती. १९२९ पासून ध्वनिमुद्रित अभिजात संगीताचा ‘मास्टरवर्क अवर’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९४० पासून दर फेब्रुवारीत अमेरिकन संगीताचा महोत्सव प्रक्षेपित होऊ लागला. लेड बेली या कृष्णवर्णीय लोकगायकाला त्याच दशकात येथे स्वतःचा कार्यक्रम मिळाला. केंद्राच्या कक्षांतील भिंतींवर स्टुअर्ट डेव्हिस यांच्यासारख्या आधुनिक चित्रकाराचे भित्तिचित्र होते. पण वार्ताहराच्या कलेच्या दृष्टीने विचार करता टोनी श्वार्ट्‌झ (१९२३–२००८) या एका माणसाचे काम या सर्वांहून अधिक अभ्यासनीय आहे.

श्वार्ट्‌झ हे केंद्राच्या नोकरीतले वार्ताहर नव्हते. व्यवसायाने ते जाहिरात क्षेत्रातील चित्रकार होते. मोकळ्या व अनोळखी जागेची भीती वाटण्याचा मानसिक विकार त्यांना होता, त्यामुळे घरापासून दूर जाणे त्यांना जमत नसे. मॅनहटनमधील ज्या भागात ते राहत त्याचा टपाल विभाग क्रमांक १९ होता. खांद्याला अडकवता येईल असे ध्वनिमुद्रण यंत्र त्यांनी स्वतः खटपट करून जुळवले आणि त्या विभागातील गल्ल्या ऐकावयास सुरुवात केली : दोरीवरच्या उड्या मारताना मुली म्हणतात ती गाणी, टॅक्सीचालकांच्या गप्पा, दुकानदारांची बोलणी, रस्त्यावरचे धर्मोपदेशक, नुकत्याच आलेल्या पोर्टो रिकन कुटुंबांचे अनुभव. १९४५ ते १९७६ अशी ३१ वर्षे डब्ल्यूएनवायसीवर त्यांचा साप्ताहिक कार्यक्रम चालला. ‘वन, टू, थ्री अँड अ झिंग झिंग झिंग’ हा मुलांच्या खेळगाण्यांचा संग्रह १९५३ मध्ये आणि ‘न्यूयॉर्क १९’ हा संग्रह १९५४ मध्ये तबकडीवर आला.

त्या काळातील नभोवाणी वार्तांकनाची रीत अशी की, सामान्य माणसाला ध्वनिगृहात आणावयाचे किंवा त्याचे म्हणणे लिहून घेऊन निवेदकाच्या शुद्ध उच्चारात वाचावयाचे. श्वार्ट्‌झ यांनी ही रीत उलटी केली. माणूस जेथे आहे तेथे यंत्र गेले. परिणामी गाडीचा भोंगा, भांड्यांचा आवाज, अडखळलेले वाक्य हे सारे बातमीचा भाग झाले. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे संकलन करणाऱ्यांना ही दृष्टी सहज समजेल. ओवी लिहून घेतली की शब्द राहतात. जात्याची घरघर आणि मध्येच मुलाला हाक मारणारी बाई निसटते.

आरोग्याशी श्वार्ट्‌झ यांचा संबंध आला तो धूम्रपानाच्या प्रश्नातून. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी १९६० च्या दशकात त्यांनी केलेली जाहिरात धूम्रपानविरोधी पहिल्या जाहिरातींत गणली जाते. मोठ्यांचे कपडे घालून मिरवणारी लहान मुले आणि मुलांना आईवडिलांची नक्कल करावयास आवडते हे साधे विधान, एवढाच तिचा ऐवज होता. फुप्फुसाचे चित्र नाही, आकडे नाहीत. मुलांचे आवाज ऐकण्यात घालवलेल्या वर्षांची ही कमाई म्हणावी लागेल. १९६७ मध्ये अमेरिकेच्या संपर्क आयोगाने असा निर्णय दिला की, सिगारेटच्या जाहिराती दाखवणाऱ्या केंद्रांनी धूम्रपानविरोधी संदेशांनाही लक्षणीय वेळ द्यावा. २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ-दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. जाहिराती गेल्या आणि त्यांच्यासोबत विरोधी संदेशांना मिळणारा विनामूल्य वेळही आटला.

महापौर, नावे आणि स्वातंत्र्य

१९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि केंद्राच्या अनुदानाला कात्री लागली. श्रोत्यांच्या देणग्यांसाठी १९७९ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महापौर एड कॉच यांनी एक फर्मान काढले : वेश्यागमनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पुरुषांची नावे केंद्राने वाचून दाखवावीत. कर्मचाऱ्यांनी विरोध केला. कार्यक्रम एकदाच, जेमतेम काही मिनिटांचा झाला आणि पुढे गुंडाळला गेला. १९२५ च्या खटल्यात महापौराने केंद्र स्वतःच्या प्रचारासाठी वापरले होते. येथे ते शिक्षेचे साधन झाले. नावे खोटी नव्हती, हेतूही कदाचित वाईट नसेल. परंतु कोणती माहिती बातमी आहे हे ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हाती असला की काय होते, हे कर्मचाऱ्यांना त्या काही मिनिटांत पुरेपूर उमगले. महापालिकेपासून वेगळे होण्याच्या मागणीला त्यानंतर जोर आला.

१९९५ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने दोन्ही रेडिओ केंद्रे २ कोटी डॉलरना, सहा वर्षांच्या हप्त्यांनी, प्रतिष्ठानाला देण्याचे मान्य केले आणि जानेवारी १९९७ मध्ये केंद्र स्वतंत्र झाले. महापालिकेचे दूरचित्रवाणी केंद्र मात्र खासगी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक रकमेला घेतले. बाजाराच्या हिशेबाने रेडिओ स्वस्तात गेला, अशी टीका करता येईल. पण तोही लिलावात निघाला असता तर शहर वार्तांकनाची ही परंपरा तेथेच संपली असती.

धूळ

स्वातंत्र्य मिळून पाच वर्षे होण्यापूर्वीच ११ सप्टेंबर २००१ उजाडला. केंद्राचा एफएम प्रक्षेपक वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यावर होता. तो मनोऱ्याबरोबर नष्ट झाला. कार्यालय काही चौकांच्या अंतरावर असल्याने रिकामे करावे लागले. मध्यम लहरीवरून प्रक्षेपण चालू राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यांत शहरातील आरोग्य वार्ताहरांपुढे आलेला प्रश्न १९४७ च्या अगदी उलट होता. तेव्हा आयुक्ताने धोका असल्याचे सांगितले होते. आता संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर रोजी हवा श्वसनास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. ढिगाऱ्यावर काम करणारे लोक खोकत होते. ‘डेली न्यूज’मधील स्तंभलेखक हुआन गोन्झालेझ यांनी ऑक्टोबरमध्येच विषारी द्रव्यांच्या नोंदी उघड केल्या तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर भीती पसरवल्याचा ठपका ठेवला. गोन्झालेझ हे त्या वेळी ‘डेमोक्रसी नाऊ’ या नभोवाणी कार्यक्रमाचेही सहनिवेदक होते. ऑगस्ट २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला : असे सरसकट विधान करण्याइतकी पुरेशी माहिती संस्थेकडे तेव्हा नव्हती, आणि जाहीर निवेदनांच्या मजकुरावर व्हाइट हाऊसचा प्रभाव पडला होता. आजारी पडलेल्या बचावकर्मींच्या उपचारांसाठीचा झॅड्रोगा कायदा जानेवारी २०११ मध्ये अस्तित्वात आला. मधल्या नऊ वर्षांत हा विषय जिवंत राहिला तो वार्ताहर पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे, त्याच दवाखान्यांत जात राहिल्यामुळे.

केंद्राने २००८ मध्ये म्युनिसिपल बिल्डिंग सोडली. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा संघराज्य निधी रद्द केला, तेव्हा या केंद्राला झळ बसली तरी श्रोत्यांच्या देणग्यांमुळे ते उभे राहू शकले; खेड्यापाड्यांतील अनेक लहान केंद्रांची स्थिती तशी नव्हती.

संशोधकासाठी शेवटी एक नोंद. महापालिकेच्या काळातील ध्वनिमुद्रणे न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखान्यात आहेत. श्वार्ट्‌झ यांचा संग्रह २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. १९४७ विषयी पहिल्या संग्रहात शोध घ्यावयाचा तो प्रामुख्याने महापौर आणि आयुक्त यांच्या आवाजांचा. दंडावर लस टोचून घेण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणी काही बोलले असेल तर ते तेथे मिळण्याची शक्यता कमी. ती गल्ली ऐकणारे यंत्र त्या एप्रिलमध्ये केंद्राकडे नव्हते.